विणलेली कमान : महाधमनीचे वळण बदलताना मेंदू कसा सांभाळतात

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या खणात बोटभर लांबीचा, पांढरा, चुण्याचुण्यांचा एक नळीचा तुकडा असतो. महाधमनीच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या ग्राफ्टचा, म्हणजे कृत्रिम कापडी नळीचा, तो नमुना असून एका हृदयशल्यविशारद मित्राने फार पूर्वी तो मला दिला होता. आजवर अनेक रुग्णांनी तो हातात घेतला, पण खऱ्या अर्थाने तो पाहिला इथे सोलापुरात अशोक चौकापलीकडे राहणाऱ्या, पस्तीस वर्षे यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे कारागीर, म्हणून काम केलेल्या एका गृहस्थांनी. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामांनी तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, खिडकीच्या उजेडासमोर धरला, गोल फिरवला आणि म्हणाले, "डॉक्टर, ह्याला शिवण कुठं दिसत नाही. विण घट्ट आहे, पण कापड ते कापडच. ह्यातनं रक्त झिरपायचं नाही का?"

शेजारी बसलेल्या मामी तोवर गप्प होत्या. त्यांनी तुकड्याकडे पाहिलेही नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता : "ते बसवेस्तोवर ह्यांच्या डोक्याला रक्त कुठनं मिळणार?"

मामांचे दोन प्रश्न वस्त्रविद्येने सोडवले आणि ते बऱ्याच आधी सुटले. मामींच्या प्रश्नाची उत्तरे मात्र शल्यविशारद गेली सत्तर वर्षे शोधत आहेत, आणि महाधमनीची कमान बदलण्याच्या ज्या वेगवेगळ्या पद्धती आज आहेत, त्या बहुतांशी या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी महाधमनी प्रथम सरळ वर, गळ्याच्या दिशेने जाते. मग ती डावीकडे आणि मागे वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली पोटाकडे उतरते. या वळणाला कमान म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘आर्च’ असतो. कमानीच्या माथ्यावरून तीन फांद्या फुटतात. पहिली आणि सर्वांत जाड फांदी थोडे अंतर जाऊन दुभंगते आणि उजव्या हाताला व मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त देते; दुसरी मेंदूच्या डाव्या बाजूला जाते आणि तिसरी डाव्या हाताला. हातांकडे जाणाऱ्या वाहिन्यांपासूनच मानेच्या मणक्यांमधून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणाऱ्या आणखी दोन वाहिन्या निघतात. म्हणजे मेंदूला मिळणारा रक्ताचा थेंबन् थेंब या तीन तोंडांतून जातो. कमान कापायची म्हणजे ही तिन्ही तोंडे तिच्यापासून सोडवायची आणि नव्या नळीला पुन्हा जोडायची.

कमान बदलावी लागते ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण फुगा. निरोगी कमानीचा व्यास साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर असतो. वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, धूम्रपान, वाहिनीच्या भिंतीत साठणारी चरबी, मार्फान सिंड्रोमसारखे जन्मजात दोष किंवा ताकायासु आजारासारखी धमन्यांची सूज यांमुळे भिंत कमजोर होते आणि सायकलच्या ट्यूबला यावा तसा तिला फुगवटा येतो. व्यास जितका वाढतो तितका भिंतीवरचा ताण वाढतो, आणि ताण वाढला की व्यास आणखी वाढतो. म्हणून साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास पोहोचलेल्या फुग्याला सहसा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. मार्फान असलेल्यांना किंवा फुगा वेगाने वाढत असलेल्यांना त्याहून आधी.

मामांचे निदान ज्या वाटेने झाले ती वाट शिकण्यासारखी आहे. त्यांना छातीत दुखत नव्हते. त्यांचा आवाज बसला होता. मागांच्या खडखडाटात आयुष्यभर ओरडून बोललेल्या माणसाचा आवाज बसला तर कोणाला नवल वाटत नाही, त्यात सुताची धूळ. त्यामुळे काही महिने गुळण्या आणि घशाची औषधे झाली. प्रत्यक्षात डाव्या स्वरयंत्राला चालवणारी नस छातीत उतरते, कमानीच्या खालून वळसा घेते आणि पुन्हा वर घशात जाते. कमान फुगली की ही नस ताणली जाते. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये सावली रुंद दिसली, मग सीटी झाला आणि सहा सेंटीमीटरचा फुगा समोर आला.

दुसरे कारण डिसेक्शन, आणि ते घड्याळाशी शर्यत लावणारे आहे. महाधमनीची भिंत तीन पदरी असते. आतला पदर फाटून रक्त पदरांच्या मध्ये घुसते आणि भिंत लांबच लांब सोलत जाते. रक्ताला खरा मार्ग एक आणि खोटा मार्ग एक असे दोन मार्ग तयार होतात. फाट हृदयाजवळच्या चढत्या भागाला धरून असेल तर त्याला अ प्रकार म्हणतात, आणि उपचार न झाल्यास पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातील एक ते दोन रुग्ण दगावतात, असे पूर्वापार शिकवले जाते. अचानक, पहिल्या क्षणापासूनच असह्य असलेली, छातीतून पाठीत फाडत गेल्यासारखी कळ हे त्याचे लक्षण. हा हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले तर ते जिवावर बेतू शकते, म्हणून दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठा फरक आहे का, हे पाहण्याची दोन मिनिटे फार मोलाची असतात. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर. हा रस्ता धरण्यापूर्वी इथेच रक्तदाब आणि नाडी औषधांनी खाली आणणे हा उपचाराचा पहिला भाग आहे. गाडी किती वेगाने पळवली हा नंतरचा.

आता मामांच्या प्रश्नांकडे वळू. अमेरिकेतील ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकेल डिबेकी यांनी १९५०च्या दशकात महाधमनीसाठी कृत्रिम नळ्या करून पाहिल्या, तेव्हा ते एका मोठ्या दुकानात नायलॉनचे कापड मागायला गेले होते. नायलॉन संपले होते, म्हणून दुकानदाराने डेक्रॉन नावाचे नवे पॉलिएस्टर कापड दिले आणि डिबेकींनी घरच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. शिवणकाम त्यांना आईने लहानपणीच शिकवले होते. हा योगायोग नशीबवान ठरला, कारण नायलॉन शरीरात काही काळाने कमजोर होते आणि पॉलिएस्टर टिकते. पुढे फिलाडेल्फियातील वस्त्रोद्योग महाविद्यालयाच्या तज्ज्ञांच्या मदतीने अशा नळ्या यंत्रावर होऊ लागल्या. डिबेकींना स्वतःला २००५च्या अखेरीस, वयाच्या ९७व्या वर्षी महाधमनीचे डिसेक्शन झाले. फेब्रुवारी २००६मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून तशीच कापडी नळी बसवली आणि ते त्यानंतर दोन वर्षांहून अधिक जगले.

शिवण दिसत नाही, कारण ती नसतेच. नळी मागावर दुपदरी विणली जाते : धोटा जाताना वरच्या पदरातून जातो, परतताना खालच्या पदरातून येतो, त्यामुळे दोन्ही कडा आपोआप जोडल्या जातात आणि कापड मागावरून उतरते तेच मुळी नळी होऊन. हे मी मामांना समजावू लागलो, तर माझे वाक्य त्यांनीच पुरे केले. नळीवरच्या चुण्या उष्णतेने कायमच्या बसवलेल्या असतात, त्यामुळे ती वळवली तरी पिळलेल्या रबरी नळीसारखी चिमटत नाही. राहिला झिरपण्याचा प्रश्न. तो मात्र अगदी रास्त होता. पूर्वी शस्त्रक्रियेच्या आधी हे कापड रुग्णाच्याच रक्तात भिजवून, त्याची छिद्रे गुठळ्यांनी बुजवून घ्यावी लागत. काही ठिकाणी त्यावर अल्ब्युमिन लावून ते निर्जंतुक करण्याच्या वाफेच्या यंत्रात भाजून काढत. आता कारखान्यातच कापडाला जिलेटिन किंवा कोलॅजेनचा हात दिलेला असतो. हा थर शरीर हळूहळू शोषून घेते आणि तोवर शरीराचे स्वतःचे पेशीजाल धाग्यांमध्ये शिरून छिद्रे बुजवते. ताण्याला खळ दिल्याशिवाय माग चालत नाही हे ज्या शहराला ठाऊक आहे, तिथे या युक्तीचे कौतुक वेगळे सांगायला नको.

मामींचा प्रश्न याहून अवघड आहे. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी हौद, पिंपे आणि गच्चीवर टाक्या आहेत. उजनी धरणाहून येणारी पाण्याची मोठी वाहिनी दुरुस्तीसाठी एखादा दिवस बंद ठेवली तरी शहर कुरकुरत का होईना, निभावून नेते. मेंदूच्या घरी हौद नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीरातील सुमारे एक पंचमांश प्राणवायू वापरतो आणि साठा म्हणून जवळजवळ काहीच ठेवत नाही. नेहमीच्या तापमानाला त्याचा पुरवठा चार-पाच मिनिटे थांबला की पेशी मरू लागतात. हृदयाच्या इतर शस्त्रक्रियांत हार्ट-लंग मशीन शरीराला रक्त पुरवते आणि शल्यविशारद महाधमनीला चिमटा लावून चिमट्याच्या अलीकडे काम करतो. कमानीत ही सोय नाही, कारण जिथे टाके घालायचे तिथूनच मेंदूच्या वाहिन्या निघतात, आणि फुगलेल्या किंवा सोललेल्या भिंतीला चिमटा लावला तर ती तिथेच फाटण्याची भीती असते. वाहिनी उघडायची तर प्रवाह थांबवावाच लागतो.

कमान बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया डिबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी मेंदूच्या वाहिन्यांत वेगळ्या नळ्या घालून यंत्राने रक्त सोडले होते. कल्पना अचूक होती, पण तेव्हाची साधने तिला पेलणारी नव्हती आणि पुढची अनेक वर्षे कमानीकडे फारसे कोणी फिरकले नाही. ही कोंडी फोडली ती थंडीने. शरीर थंड केले की पेशींची भूक कमी होते. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांमागे ती निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. २७ अंशांवर मेंदूची गरज निम्मी होते, १७-१८ अंशांवर चौथाई किंवा त्याहून कमी. अमेरिकेतील रँडल ग्रीप यांनी १९७५मध्ये चार रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली : रुग्णाला यंत्रावर घेऊन खूप थंड करायचे, मग यंत्रच बंद करायचे, रक्त काढून घ्यायचे आणि रिकाम्या, कोरड्या कमानीत शांतपणे टाके घालायचे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या गावात बसून १८ अंशांवर नेलेल्या मानवी देहाची कल्पना करणे सोपे नाही. त्या अवस्थेत हृदय थांबलेले असते, श्वास नसतो, मेंदूच्या विद्युतलहरींची रेघ सरळ झालेली असते आणि तरीही माणूस जिवंत असतो.

पण थंडीने मिळते ती मुदत, माफी नव्हे. १८ अंशांवर साधारण अर्धा तास निभावतो. त्यापुढे मेंदूला इजा होण्याचा धोका मिनिटागणिक चढतो, आणि संपूर्ण कमान बदलायला अर्धा तास अनेकदा पुरत नाही. शिवाय अतिथंडीची किंमत वेगळी मोजावी लागते. रक्त गोठवणारी यंत्रणा बिघडते, थंड करायला आणि पुन्हा ऊब द्यायला बराच वेळ जातो आणि तेवढा वेळ रुग्ण यंत्रावर राहतो. जपानमध्ये १९९०च्या सुमारास एक उलटी युक्ती पुढे आली : वरच्या मोठ्या शिरेतून रक्त उलट्या दिशेने मेंदूकडे ढकलायचे. त्याने मेंदू थंड राहतो आणि वाहिन्यांतला कचरा, हवेचे बुडबुडे बाहेर धुतले जातात, पण पेशींचे पोट त्याने फारसे भरत नाही. काही शल्यविशारद छोट्या मुदतीसाठी ती आजही वापरतात. माझ्या मते तिचे महत्त्व आता मुख्यतः इतिहासात आहे.

त्यामुळे रूढ झालेली पद्धत १९५७च्याच कल्पनेकडे परत आली, फक्त यावेळी थंडीला सोबत घेऊन. उजव्या खांद्याखाली, गळपट्टीच्या हाडाच्या खालच्या अंगाला एक छोटा छेद घेऊन हाताकडे जाणाऱ्या धमनीला आठ मिलिमीटरची कापडी नळी आडवी शिवतात आणि यंत्राचे रक्त तिथून सोडतात. सुरुवातीला हे रक्त धमनीतून उलटे कमानीत जाऊन सगळ्या शरीराला मिळते. शरीर २४ ते २८ अंशांपर्यंत थंड झाले की यंत्राचा प्रवाह अगदी कमी करतात आणि पहिल्या फांदीला तिच्या मुळाशी चिमटा लावतात. आता तेच रक्त कमानीत न जाता सरळ मेंदूच्या उजव्या बाजूला वळते. शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण दहा मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाला मिनिटाला सहाशे मिलिलिटर. एरवी यंत्र चार-पाच लिटर देत असते. खाली सारे शरीर गारठ्यात थांबलेले आणि एकट्या मेंदूला स्वतंत्र नळजोडणी, असे हे चित्र आहे. मेंदूच्या तळाशी डाव्या-उजव्या वाहिन्यांना जोडणारे एक कडे असते, त्यामुळे उजवीकडून दिलेले रक्त डावीकडेही पोहोचते, पण हे कडे प्रत्येकात पूर्ण असतेच असे नाही. म्हणून कपाळाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले संवेदक मेंदूतील प्राणवायूची पातळी सतत दाखवत असतात. डावा आकडा उतरू लागला की कमानीच्या आतून डाव्या वाहिनीच्या तोंडात आणखी एक नळी सरकवून दुहेरी पुरवठा सुरू करतात. मामींना मी हे कागदावर काढून दाखवले. त्यांनी फक्त चिमट्याच्या जागेवर बोट ठेवले आणि "इथं बंद, पण हिकडनं चालू," एवढेच म्हणाल्या. ते बरोबरच होते.

पुरवठ्याची सोय लागली की कमानीचा किती भाग बदलायचा हा प्रश्न येतो. आजार मुख्यतः चढत्या भागात असेल आणि कमान वरून ठीक असेल, तर कमानीची फक्त खालची, आतल्या वळणाची बाजू तिरकी कापून काढतात आणि तीन फांद्या असलेला माथा जागेवर ठेवून त्याला कलमासारख्या तिरक्या कापलेल्या नळीचे तोंड जोडतात. ही अर्धकमान. टाक्यांची एकच गोल ओळ, वीस-पंचवीस मिनिटांचे काम. अ प्रकाराच्या डिसेक्शनमध्ये अपरात्री आलेल्या रुग्णासाठी अनेकदा हीच शहाणपणाची ठरते, कारण तिथे पहिले उद्दिष्ट जीव वाचवणे हे असते, वाहिनी आदर्श करणे हे नव्हे.

फुगा कमानीतच असेल, जसा मामांचा होता, तर संपूर्ण कमान काढावी लागते. जुन्या पद्धतीत तिन्ही फांद्यांची मुळे असलेला माथ्याचा तुकडा एखाद्या बेटासारखा अखंड कापून घेत आणि नव्या नळीला भोक पाडून तिथे एकदम शिवत. यात वेळ वाचतो, पण आजारी भिंतीचा एक तुकडा मागे राहतो. मार्फानच्या रुग्णांत तोच तुकडा काही वर्षांनी पुन्हा फुगू शकतो. म्हणून आता बहुधा कारखान्यातच फांद्या जोडलेली नळी वापरतात : मुख्य नळी २४ ते ३० मिलिमीटरची, तिला आठ-दहा मिलिमीटरच्या तीन फांद्या आणि चौथी एक जास्तीची. ही चौथी फांदी मोठी कामाची आहे. पलीकडचे, पाठीच्या बाजूचे तोंड जोडून झाले की यंत्राची नळी या फांदीला लावून खालच्या शरीराचा पुरवठा लगेच सुरू करता येतो, आणि मग मेंदूच्या फांद्या एकेक करून, शरीर ऊब घेत असताना जोडता येतात. काम संपले की चौथी फांदी बांधून कापून टाकतात.

टाके कसे पडतात तेही पाहण्यासारखे आहे. कमानीचे पलीकडचे तोंड छातीत खोल, डावीकडे आणि मागे असते, विहिरीच्या तळाशी काम करावे तसे. केसाहून थोड्याच जाड अशा पॉलिप्रोपिलीनच्या निळ्या धाग्याने, अर्धवर्तुळाकार सुईने प्रथम मागची बाजू शिवतात, कारण एकदा पुढची बाजू बंद झाली की मागे हात पोहोचत नाही. भिंत ठिसूळ असेल तर बाहेरून टेफ्लॉनच्या नमद्याची पट्टी लावतात, म्हणजे धागा ओढताना तो ओल्या कागदासारख्या भिंतीला चिरत जात नाही. डिसेक्शनमध्ये सोललेले पदर या पट्ट्यांच्या मध्ये दाबून आधी एकत्र आणतात आणि मगच कापड जोडतात.

आजार कमानीपाशी थांबत नसेल, पाठीमागे उतरणारा भागही फुगलेला असेल, तर एकाच छेदातून सगळे गाठता येत नाही. जर्मनीतील हान्स बोर्स्ट यांनी १९८३मध्ये यावर एक साधा तोडगा सुचवला : कमान बदलताना नळीचा काही भाग पलीकडच्या महाधमनीत नुसता लोंबता सोडायचा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डाव्या बरगड्यांतून दुसरी शस्त्रक्रिया करताना शल्यविशारदाला पुन्हा कमानीच्या चिकटलेल्या जागेत शिरावे लागत नाही. त्याने फक्त लोंबणारे टोक पकडायचे आणि पुढची नळी जोडायची. या लोंबत्या टोकाला हत्तीची सोंड म्हणतात. अडचण इतकीच की दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात काही रुग्ण दगावतात, तर काही परत येतच नाहीत.

मग या सोंडेतच निटिनॉल या धातूच्या तारांचा स्प्रिंगसारखा सांगाडा बसवला गेला. ही फ्रोझन एलिफंट ट्रंक. नावात गोठणे असले तरी काही गोठलेले नसते. सोंड लवचीक न राहता ताठ झाली, एवढाच त्याचा अर्थ. घडी करून आत सरकवलेली सोंड सोडताच उमलते आणि भिंतीला आतून टेकते. डिसेक्शनमध्ये तिच्या दाबाने खोटा मार्ग मिटतो व त्यातले रक्त हळूहळू गोठून जाते, आणि मर्यादित फुग्यात दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरजच टळू शकते. पण ती जितकी लांब, तितक्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या झाकल्या जाण्याचा धोका अधिक. काही रुग्णांत त्यामुळे पायांतील शक्ती जाते, म्हणून सोंड शक्यतो दहा सेंटीमीटरच्या आसपास ठेवतात आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब मुद्दाम थोडा चढा राखतात. अलीकडे शल्यविशारद टाक्यांची ओळही तिसऱ्या फांदीच्या अलीकडे आणू लागले आहेत. जागा उथळ असल्याने तिथे टाके नीट पडतात, स्वरयंत्राची नस वाचते आणि डाव्या हाताची फांदी वेगळी जोडता येते.

ज्यांना एवढी मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा वृद्धांसाठी मधला मार्ग आहे : मेंदूच्या फांद्या आधी चढत्या महाधमनीवरून किंवा मानेतून वळवून घ्यायच्या आणि मग जांघेतल्या धमनीतून कापडाने झाकलेला स्टेंट (तारांच्या जाळीची नळी) कमानीत सोडायचा. यात रक्तप्रवाह थांबवावा लागत नाही. मात्र कमानीतल्या खडबडीत थरावरून तारा नेताना त्याचे कण सुटून मेंदूत जाऊ शकतात. छाती न उघडणे म्हणजे धोका नसणे असा अर्थ नातेवाइकांनी काढू नये.

मामांची शस्त्रक्रिया साडेसात तास चालली. त्यातला बराच वेळ टाक्यांचा नसून थंड करण्याचा, ऊब देण्याचा आणि रक्तस्राव थांबवण्याचा असतो. ऊब घाईने देता येत नाही : यंत्रातून येणारे रक्त आणि शरीर यांच्या तापमानात दहा अंशांहून अधिक फरक पडू द्यायचा नसतो आणि मेंदूला ३७च्या वर जाऊ द्यायचे नसते, कारण थंडीने वाचवलेला मेंदू तापाने बिघडू शकतो. गारठलेले रक्त गोठत नाही, म्हणून प्लाझ्मा आणि प्लेटलेट मोठ्या प्रमाणावर लागतात. पुण्याच्या रुग्णालयाने रक्तदाते आणा म्हटल्यावर मामांच्या गल्लीतून एक जीपभर तरुण गेले होते. बाहेर बसलेल्या माणसांना सर्वांत जड जाते ते त्यानंतरचे थांबणे, कारण रुग्ण शुद्धीवर येऊन दोन्ही हातपाय हलवेपर्यंत मेंदू सुखरूप आहे की नाही हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. अनुभवी केंद्रांत आधी ठरवून केलेल्या संपूर्ण कमानीच्या शस्त्रक्रियेत शंभरातील पाचाच्या आसपास रुग्ण दगावतात. डिसेक्शनमध्ये तातडीने कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेत हा आकडा पंधरा ते वीसपर्यंत जातो. पक्षाघाताचा धोका याहून वेगळा मोजायचा. म्हणून शल्यविशारदाला विचारायचे प्रश्न असे : तुमच्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, मेंदूला रक्त कोणत्या मार्गाने देणार, अर्धी कमान की पूर्ण आणि का. खर्चाचा काही भाग सरकारी योजनेत बसतो का, हे त्याच रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे.

कापडी नळी बसवली म्हणून आयुष्यभर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या लागत नाहीत. त्या लागतात कृत्रिम धातूची झडपही बसवली असेल तर. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र कायमच्या, कारण नळी एवढ्याच भागाची आहे आणि पुढची महाधमनी जुनीच आहे. ठरलेल्या अंतराने सीटी करावा लागतो. सख्खी भावंडे आणि मुले यांचीही एकदा तपासणी करून घ्यावी, कारण काही घराण्यांत ही कमजोरी वारशाने येते. मामांच्या दोन्ही मुलांचा इको मी करायला लावला. दोघांच्याही महाधमन्या योग्य मापाच्या निघाल्या.

मामांचा आवाज मात्र पूर्ण परतला नाही. महिनोन् महिने ताणलेली नस फुगा काढल्यावर सावरेलच असे नसते. परवा ते पहिल्या वर्षाचा सीटी घेऊन आले, तेव्हा त्यांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून रुग्णालयाने दिलेले ग्राफ्टचे कार्ड काढले. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर हे कार्ड तंत्रज्ञाला आधी दाखवायचे असते, हे मी त्यांना पुन्हा सांगितले. त्यांचे लक्ष कार्डावरच्या आकड्याकडे होते. "अठ्ठावीस," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हा पन्हा मिलिमीटरमध्ये, होय ना? आणि एका इंचात ताण्याचे धागे किती, ते नाही लिहिलं."